पाचव्या धावेला पाय जड का होतात?

पोलीस भरतीसाठी १०० मीटरच्या फेऱ्या मारताना पहिली धाव वेगात जाते, पाचवीला पाय उचलत नाहीत. असे का?

पहिल्या काही सेकंदांची ताकद स्नायूंत साठलेल्या क्रिएटिन फॉस्फेटमधून मिळते. ते वापरताना ऑक्सिजन लागत नाही. साठा पुन्हा भरताना मात्र लागतो. अर्ध्या मिनिटात तो जेमतेम निम्मा भरतो. वेग वाढवायचा असेल, तर दोन धावांमध्ये ३ ते ५ मिनिटे थांबा. दम वाढावा म्हणून अधूनमधून लांब, संथ धावा.

ऑक्सिजन वाहून नेते हिमोग्लोबिन. मुलींमध्ये ते १२ आणि मुलांमध्ये १३ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर दम लवकर तुटतो. सतत मागे पडणाऱ्या मुलीला आळशी ठरवण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचे रक्त तपासून घ्या.