विद्येसाठी झिजलेले आयुष्य : गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर

सांगे तालुक्यातील कुर्डी हे गाव साळावली धरणाच्या जलाशयाखाली गेले, त्याला आता अनेक वर्षे लोटली. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरले की घरांचे चौथरे आणि सोमेश्वराचे देऊळ उघडे पडते. विस्थापित ग्रामस्थ त्या काही दिवसांत तेथे जमतात आणि पाऊस आला की गाव पुन्हा पाण्याखाली जाते. मात्र या गावाचे नाव भारतीय संगीतात कायमचे कोरले गेले आहे, ते गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांच्यामुळे.

मोगूबाईंचा जन्म १५ जुलै १९०४ रोजी कुर्डी येथे झाला. मुलीने मोठी गायिका व्हावे, ही आई जयश्रीबाई यांची तीव्र इच्छा होती. गाण्याचे आरंभीचे धडे गिरवल्यावर लहानग्या मोगूबाई नाटक मंडळीत दाखल झाल्या. १९१४ साली आईचे निधन झाले आणि अवघ्या दहाव्या वर्षी त्या पोरक्या झाल्या. पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळीत त्यांनी ‘सौभद्र’सारख्या नाटकांतून भूमिका केल्या. तेथेच गाण्याबरोबर नृत्याचेही शिक्षण मिळाले. पण कंपनीशी बिनसले, प्रकृती ढासळली आणि उपचारांसाठी त्या सांगलीस आल्या.

सांगलीतच त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ त्या वेळी औषधोपचारासाठी तेथे राहिले होते. रियाज करणाऱ्या या मुलीचा आवाज त्यांच्या कानी पडला आणि ते आपण होऊन तिला शिकवू लागले. सुमारे दीड वर्षाने खाँसाहेब मुंबईस गेले, तेव्हा १९२२ च्या सुमारास मोगूबाईही त्यांच्या मागोमाग मुंबईत आल्या.

येथून खरी परीक्षा सुरू झाली. त्या काळी मोठ्या उस्तादांची तालीम धनिकांच्या आश्रयावर आणि त्यांच्या अटींवर अवलंबून असे. कलावंत घराण्यातून आलेल्या, पाठीशी पैसा नसलेल्या मुलीसाठी ही वाट सोपी नव्हती. खाँसाहेबांची तालीम थांबली. मोगूबाईंनी आग्रा घराण्याचे बशीर खाँ आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडे शिक्षण घेण्याचा प्रयत्न केला. आपण रुजवलेल्या गायकीत दुसऱ्या घराण्याची गायकी मिसळावी, हे अल्लादिया खाँना मानवले नाही. अखेर त्यांचे धाकटे बंधू हैदर खाँ यांनी काही वर्षे तालीम दिली. तेही मुंबई सोडून गेले आणि मोगूबाई पुन्हा एकट्या पडल्या. १९३४ मध्ये अल्लादिया खाँनी त्यांना गंडा बांधून रीतसर शिष्या केले. १९४६ मध्ये खाँसाहेबांचे निधन होईपर्यंत ही तालीम चालू राहिली.

एवढ्या सायासाने मिळालेली ही गायकी स्वभावतःच कठीण आहे. तिच्यात आलापाची बढत असो वा तान, प्रत्येक वळण तालाच्या मात्रांशी बांधलेले असते. त्यामुळे गायकाला सूर लावताना लयीचे भान क्षणभरही सोडता येत नाही. बसंती केदार, नट कामोद यांसारख्या जोडरागांत दोन रागांची अंगे अशी गुंफावी लागतात की सांधा दिसू नये. मोगूबाईंचे लयीवरील प्रभुत्व आणि रागाच्या शुद्धतेविषयीची कठोर शिस्त यांना रसिकांनी आणि गायकांनी सारखाच मान दिला. श्रोत्यांच्या टाळ्यांसाठी त्यांनी या शिस्तीला कधी मुरड घातली नाही.

पती माधवदास भाटिया यांच्या अकाली निधनानंतर तीन मुलांच्या संसाराचा भार मोगूबाईंवर आला. मैफली आणि शिकवण्या यांच्या बळावर त्यांनी घर सावरले. थोरली कन्या किशोरी आमोणकर यांना त्यांनी स्वतः घडवले. किशोरीताईंनी पुढे गायकीला भावप्रधान असे स्वतंत्र वळण दिले, तरी तिचा पाया आईच्या तालमीचाच होता. कौसल्या मंजेश्वर, कमल तांबे, पद्मा तळवलकर, बबनराव हळदणकर आणि अरुण द्रविड यांनाही मोगूबाईंचे मार्गदर्शन लाभले. जी विद्या मिळवण्यासाठी त्यांना दारोदार फिरावे लागले, ती त्यांनी शिष्यांच्या ओंजळीत भरभरून घातली.

१९६८ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि १९७४ मध्ये पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव झाला. १० फेब्रुवारी २००१ रोजी मुंबईत त्यांची प्राणज्योत मालवली.

कुर्डीची शेते आणि घरे आता वर्षातून काही दिवसच दिसतात. तेथून निघालेल्या एका पोरक्या मुलीने जिवापाड जपलेली विद्या मात्र शिष्य-प्रशिष्यांच्या गळ्यातून आजही ऐकू येते.