सार्वजनिक धोरण शिकायला अर्ज करताना

बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये सार्वजनिक धोरणाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. नाव लॉ स्कूल, पण त्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. इंजिनिअर, डॉक्टर, कलाशाखेचा पदवीधर, कोणीही अर्ज करू शकतो. परदेशात, हार्वर्डच्या केनेडी स्कूलसारख्या ठिकाणी, गुणपत्रके, शिफारसपत्रे आणि निबंध मागतात.

खरी गोम निबंधात आहे. ‘मला समाजाची सेवा करायची आहे’ अशी सुरुवात झाली की वाचणारा जांभई देत असणार. त्यापेक्षा एकच प्रश्न घट्ट धरा. रोजगार हमीचेच घ्या: महाराष्ट्राने १९७७ साली कायदा केला, देशाने २००५ साली. ‘मागेल त्याला काम’ हे तत्त्व कागदावर चोख. मग मजुरी उशिरा का मिळायची? मजुरांच्या हजेरीचे मस्टर कुठे अडायचे, ग्रामपंचायतीत की तहसील कचेरीत? हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले असेल तर तेच लिहा, आणि तुमचे आधीचे मत कुठे चुकले तेही.

शिफारसपत्र आमदारसाहेबांचे नको; तुमचे काम जवळून पाहिलेल्या प्राध्यापकाचे किंवा वरिष्ठाचे घ्या. आणि गणिताचा कंटाळा असेल तर आत्ताच संख्याशास्त्राची उजळणी सुरू करा, कारण या अभ्यासक्रमांत ते टळत नाही.