आधी रस्ता, मग फळी

२०२२ मध्ये गुजरातेत झालेल्या ३६व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने स्ट्रीट स्केटबोर्डिंगचं सुवर्णपदक महाराष्ट्राला मिळवून दिलं. त्याच्या आदल्या वर्षी टोकियोत हा खेळ पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला होता. तिथे महिलांच्या स्ट्रीट प्रकारात जिंकलेली जपानची मोमिजी निशिया अवघ्या १३ वर्षांची होती. अशा मुली टीव्हीवर आणि मोबाइलवर दिसल्या की वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावच्या घरांतही दिवाळीच्या खरेदीत स्केटबोर्डाची मागणी होणारच. ती मागणी पुरवायलाच हवी, पण डोळसपणे. चुकीचा बोर्ड घरात आला की पोर दोन-चारदा आपटतं, आपल्याला हे जमत नाही असं ठरवतं आणि बोर्ड माळ्यावर जातो. दोष असतो सामानाचा, उत्साह मरतो मुलाचा.

पार्क आणि स्ट्रीट

या खेळाचे मुख्य प्रकार दोन. पार्क म्हणजे गुळगुळीत काँक्रीटचे खोलगट वाडगे आणि उतार. तिथे वेग आणि उंच उड्या महत्त्वाच्या. स्ट्रीट म्हणजे शहरातले कठडे, पायऱ्या, लोखंडी रेलिंग किंवा त्यांच्या प्रतिकृती. तिथे बोर्ड हवेत फिरवणं आणि कठड्यावरून घसरत नेणं हे कौशल्य.

     वर्ध्यात मात्र पायाखाली सिमेंट आणि डांबर आहे, म्हणून इथला बोर्डही त्याच हिशेबाने घ्यायचा.

चाकापासून सुरुवात करा

दुकानात सगळ्यांची नजर फळीवरच्या चित्रावर जाते. खरं तर सगळ्यात आधी चाक बघायला हवं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत स्केटबोर्डाला लोखंडाची नाहीतर भाजलेल्या मातीसारख्या ठिसूळ मिश्रणाची चाकं असत आणि बारीक खडा आला तरी ती जागीच अडत. मग फ्रँक नॅसवर्दी या अमेरिकन तरुणाने युरेथेनची चाकं बाजारात आणली. बैलगाडीच्या लोखंडी धावेऐवजी रबरी टायर आल्यावर जो फरक पडला, तोच इथे पडला. रस्त्याची पकड मिळाली, हादरे कमी झाले आणि खेळ झपाट्याने वाढला.

चाकाचे दोन आकडे लक्षात ठेवावेत : व्यास आणि कठीणपणा. व्यास मिलिमीटरमध्ये असतो. कठीणपणाच्या आकड्यापुढे ‘ए’ लिहिलेलं असतं. आकडा मोठा तितकं चाक कडक. गुळगुळीत फरशीवर स्ट्रीट खेळायला ५० ते ५३ मिलिमीटर आणि ९९ए ते १०१ए चालतं. पार्कसाठी ५४ ते ५८ मिलिमीटर बरं. खडबडीत रस्त्यावर ५६ ते ६० मिलिमीटर आणि ७८ए ते ८७ए इतकं मऊ चाक हवं.

आपल्याकडच्या सिमेंट रस्त्यांवर घसरू नये म्हणून रेघा ओढलेल्या असतात, मध्ये सांधे असतात. गल्लीत गट्टू बसवलेले असतात. डांबरी रस्त्यावर गिट्टी उघडी पडलेली असते. लहान, कडक चाक अशा जागी खड्याला अडून थांबतं आणि वरचा माणूस पुढे फेकला जातो. म्हणून वर्ध्यातल्या नवशिक्यासाठी माझा आग्रह मोठ्या, मऊ चाकांचा आहे. शाळेच्या गुळगुळीत बास्केटबॉल मैदानावर खेळायची परवानगी मिळाली, तर कडक चाकांचा दुसरा संच पुढे घेता येतो. बाकीचा बोर्ड तोच राहतो.

फळी, ट्रक, बेअरिंग

चांगली फळी, म्हणजे डेक, मेपल लाकडाच्या सात पातळ थरांची असते. मेपल कठीण असून लवचीक असतं आणि गोंद नीट धरतं. आपलं सागवान दारं-खिडक्यांना उत्तम, पण ते तेलकट असल्याने त्याचे थर चिकटवणं अवघड जातं. फळीची रुंदी बुटाच्या मापाने ठरवावी. लहान मुलांना ७ ते ७.५ इंच, मोठ्यांना स्ट्रीटसाठी ८ इंचांच्या आसपास, पार्कसाठी ८.२५ ते ८.५ इंच. रुंद फळीवर पाय स्थिर राहतो, अरुंद फळी हवेत पटकन फिरते.

फळीखाली वळणारा धातूचा भाग म्हणजे ट्रक. त्याचा आस फळीइतकाच रुंद असावा. पाव इंच इकडे-तिकडे चालतं. मोठी चाकं घेतली तर ट्रक आणि फळी यांच्यामध्ये एक पातळ पट्टी बसवावी. नाहीतर वळताना चाक फळीला घासून बोर्ड एकदम थांबतो.

दुकानात एक परीक्षा जरूर करावी. बोर्डावर उभं राहून एका बाजूला कलावं. बोर्ड त्या बाजूला वळला तर तो खेळायचा. ढिम्म राहिला किंवा ट्रक प्लॅस्टिकचा निघाला, तर ते नुसतं खेळणं आहे आणि स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये.

चाकातलं बेअरिंग जगभर एकाच मापाचं असतं, ६०८ नंबरचं : भोक ८, बाहेरचा व्यास २२ आणि रुंदी ७ मिलिमीटर. हा नंबर यंत्रसामानाच्या दुकानातही ओळखतात, त्यामुळे सुटा भाग मिळवणं अवघड नाही. काळ्या मातीची बारीक धूळ मात्र त्यात शिरतेच. ते अधूनमधून उघडून साफ करावं, पूर्ण वाळवावं आणि हलक्या मशीन ऑइलचा एखादा थेंब द्यावा. पावसात बोर्ड बाहेर काढू नये. पाणी बेअरिंगला गंजवतं आणि फळीचे थर सुटे करतं. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा गच्चीवर किंवा बंद गाडीत ठेवलेली फळीही वाकू शकते.

हेल्मेट, गुडघ्याची आणि मनगटाची संरक्षकं यांचे पैसे बोर्डाच्या किमतीतच धरावेत. बूट सपाट तळव्याचे हवेत. साधे कॅनव्हासचे चालतात. आणि वाहतुकीच्या रस्त्यावर खेळ नको, हा नियम घराघरात पक्का असावा.

जागा हवी

शेजारच्या मध्य प्रदेशात, पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या खेड्यात उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ मध्ये मुलांसाठी स्केटपार्क उभारला. तिथे दोन नियम केले : शाळेत गेल्याशिवाय स्केटबोर्ड नाही आणि मुलींना आधी संधी. त्याच गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या जागतिक स्पर्धेत भारताकडून खेळली. जनवारजवळ मोठं शहर नव्हतं, खेळाची परंपराही नव्हती. होता तो गुळगुळीत काँक्रीटचा एक तुकडा आणि मुलांवर विश्वास ठेवणारी माणसं.

वर्धा जिल्ह्यात हे का होऊ नये? महागडं क्रीडासंकुल मागायची गरज नाही. एखाद्या नगर परिषदेने बागेच्या कोपऱ्यात घोटून गुळगुळीत केलेला काँक्रीटचा चौथरा, एक बुटका कठडा आणि एक उतार बांधला, तरी सुरुवात होईल. एखाद्या शाळेने सुट्टीच्या दिवशी मैदानाचं फाटक उघडं ठेवलं, तर तेवढाही खर्च नाही. बोर्ड आईबापांनी पारखून घ्यावा. त्याच्याखालची जमीन देणं हे गावाचं काम आहे, आणि ते मागण्याचा हक्क आपल्या मुलांना आहे.