रंगावरच वेल्डिंग करू देऊ नका



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मालीम असो की कुटबण, ट्रॉलरच्या डागडुजीची हीच वेळ. विंचखालची फ्रेम, रेलिंग, एक्झॉस्टचा पाइप, सगळीकडे वेल्डिंग निघतं. घाईत रंग न काढताच काम सुरू होतं, आणि त्या धुरातच धोका आहे.

लोखंड वितळतं सुमारे १५०० अंशांना. रंग त्याच्या कितीतरी आधी जळतो. कुठला रंग, त्यावर धूर ठरतो:

• गॅल्व्हनाइज्ड पाइप, जस्ताचा प्रायमर : जस्त ९०७ अंशांना उकळतं, पांढरा धूर येतो. त्रास लगेच होत नाही. काही तासांनी, बहुतेक रात्री, थंडी वाजून ताप, अंगदुखी, तोंडाला धातूची चव. पावसाळ्यात हा मलेरियाच वाटतो. साधारण एक-दोन दिवसांत उतरतो.

• दोन डबे मिसळून मारायचा पीयू रंग : तापल्यावर आयसोसायनेट निघतात. त्यातून कायमचा दमा जडू शकतो.

• जुना शेंदरी प्रायमर : शेंदूर म्हणजे शिशाचंच संयुग. २०१६ च्या नियमांत शिशाला ९० पीपीएमची मर्यादा आली, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. शिशाची धूळ कपड्यांवरून घरी येते आणि लहान मुलांच्या मेंदूला बाधते.

मग करायचं काय?

१) जोडाच्या चारी बाजूंनी निदान ४ इंच रंग काढा. पत्र्याच्या मागच्या बाजूचाही काढा, तोही तापतो.
२) जुना रंग ओला करून खरवडा. गॅसच्या ज्योतीने जाळू नका.
३) इंजिन रूममध्ये किंवा मासळीच्या खणात काम असेल तर धूर बाहेर ओढणारा पंखा लावा. एक माणूस वर उभा ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.
४) तोंडाला रुमाल बांधून काही अडत नाही. धूर आणि वायू दोन्ही अडवणारा, कार्ट्रिजवाला मास्क द्या.
५) कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका.

दूध प्यायलं, गूळ खाल्ला की धूर उतरतो, असं बरेच जण मानतात. फुप्फुसात गेलेला धूर त्याने निघत नाही. दम लागला, छाती भरून आली तर १०८ ला फोन करा. ताप आला तर डॉक्टरांना वेल्डिंग केल्याचं आवर्जून सांगा.

बोटीला कुठला रंग मारलाय हे मालकाला माहीत असतं, वेल्डरला नसतं. काम सुरू होण्याआधी त्याला ते सांगा.