न्यूझीलंडमध्ये जन्मलेले दोन धर्मपंथ

धर्माचा जन्म म्हटला की आपण हजारो वर्षं मागे जातो. न्यूझीलंडमध्ये मात्र तारखेनिशी नोंदलेले जन्म आहेत!

1814 च्या नाताळला सॅम्युअल मार्सडेन या ख्रिस्ती धर्मप्रचारकानं ओइही इथं प्रवचन केलं आणि तिथल्या मूळ रहिवाशांपर्यंत, म्हणजे माओरींपर्यंत, बायबल पोचू लागलं. पुढे माओरींच्या जमिनी गेल्या, युद्धं झाली. ते कूती या माओरी नेत्याला चॅथम बेटांवर डांबलं गेलं. तिथं बायबल वाचता वाचता त्याला इजिप्तमधल्या गुलाम इस्रायलींमध्ये आपलेच लोक दिसले. 1868 मध्ये तो जहाज ताब्यात घेऊन निसटला. त्यानं स्थापन केलेला रिंगातू पंथ आजही आहे.

दुसरा पंथ राताना. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत माओरी फार मोठ्या प्रमाणात दगावले. त्याच नोव्हेंबरात ताहुपोटिकी विरेमु राताना या शेतकऱ्याला साक्षात्कार झाला. तो हात ठेवून आजार बरे करतो, अशी ख्याती पसरली आणि वांगानुईजवळच्या त्याच्या शेतावर गावच वसलं. 1925 मध्ये स्वतंत्र चर्च स्थापन झालं. 1936 मध्ये त्यानं पंतप्रधान सॅव्हेजपुढे बटाटा, मोडकं घड्याळ, हिरवा पाषाण आणि हुइया पक्ष्याचं पीस ठेवलं. बटाटा म्हणजे गेलेली जमीन, घड्याळ म्हणजे मोडलेली वचनं. यातूनच सॅव्हेजच्या मजूर पक्षाशी युती झाली. आजही दर जानेवारीत राजकीय नेते राताना गावी हजेरी लावतात.