भांडण कंपन्यांचे, पेटी ग्राहकाची



क्रिकेटचा सामना ऐन रंगात आलेला असतो आणि नेमकी त्याच वेळी दारावरची बेल वाजते. रिमोटचे बटण दाबून सामना थांबवायचा, पाहुण्यांचे स्वागत करायचे आणि परत येऊन थांबला होता तेथून पुढे पाहायचा, ही सोय देणाऱ्या रेकॉर्डर-पेट्या आपल्याकडच्या डीटीएच घरांतही आल्या. या साध्या वाटणाऱ्या सोयीवरून अमेरिकेत सात वर्षे खटला चालला, आणि त्यात दोष नसलेल्या लक्षावधी ग्राहकांच्या पेट्या बंद पडण्याची वेळ आली होती. ते कसे, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत.

आधी ही पेटी काय करते ते पाहू. थेट प्रक्षेपण आपल्यासाठी थांबत नाही. नळाचे पाणी एका बाजूने हौदात पडत राहावे आणि दुसऱ्या बाजूने आपण सवडीने तांब्याने काढून घ्यावे, तसे हे आहे. येणारी चित्रे व आवाज पेटीतील हार्ड डिस्कवर सतत लिहिले जातात आणि त्याच वेळी डिस्कवरील आधीचा भाग वाचून आपल्याला दाखवला जातो. लिहिणे आणि वाचणे यांचा मेळ घालणे, हे त्यातले खरे कौशल्य.

हे कौशल्य टिव्हो या अमेरिकन कंपनीने साधले. जिम बार्टन आणि माइक रॅम्झी यांनी १९९७ मध्ये ती स्थापन केली. १९९८ मध्ये तिने पेटंटसाठी अर्ज केला आणि १५ मे २००१ रोजी तिला ते मिळाले. पेटंट म्हणजे एक प्रकारचा करार होय. संशोधकाने आपली युक्ती लेखी स्वरूपात जगापुढे मांडायची आणि त्याबदल्यात ठरावीक मुदतीपर्यंत ती इतरांनी त्याच्या परवानगीविना वापरायची नाही. ही मुदत सर्वसाधारणपणे अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची असते.

डिश नेटवर्क ही उपग्रह सेवा चालवणाऱ्या एकोस्टार कंपनीने आपली युक्ती वापरली, अशी तक्रार टिव्होने जानेवारी २००४ मध्ये टेक्सासमधील न्यायालयात केली. एप्रिल २००६ मध्ये ज्यूरीने ती मान्य करून सुमारे ७ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई ठरवली. ऑगस्ट २००६ मध्ये न्यायाधीश डेव्हिड फोल्सम यांनी त्याहून कडक आदेश दिला. नव्या पेट्या विकायच्या नाहीतच, शिवाय ग्राहकांच्या घरी असलेल्या पेट्यांतील रेकॉर्डिंगची सोयही ३० दिवसांत बंद करायची. ज्यांची भरपाई आधीच ठरली होती, अशा १,९२,७०८ पेट्या तेवढ्या यातून वगळल्या होत्या.

घरात बसलेली पेटी दुरून बंद कशी होणार, असा प्रश्न तुम्हाला पडेल. तिचे सॉफ्टवेअर छपरावरच्या डिशमधूनच येते. जी कंपनी त्या वाटेने सुधारणा पाठवू शकते, तीच सोय काढूनही घेऊ शकते. ग्राहकाच्या हातात डबा राहतो, पण त्याचे काम करणे कंपनीवर अवलंबून असते.

असा आदेश देताना अमेरिकेतील न्यायालयाला लोकहिताचाही विचार करावा लागतो. ही उपकरणे करमणुकीची आहेत, सार्वजनिक आरोग्याशी त्यांचा संबंध नाही, असे न्यायाधीशांनी नोंदवले. एखाद्या औषधाचा प्रश्न असता, तर तराजूचे पारडे कदाचित दुसरीकडे झुकले असते. ग्राहकांची गैरसोय खरी होती, पण ज्याने मेहनतीने शोध लावला त्याचा हक्क केवळ लोकांना सवय झाली म्हणून बुडवायचा का, हाही प्रश्न तितकाच खरा होता.

अपील न्यायालयाने आदेशाला स्थगिती दिल्यामुळे पेट्या चालू राहिल्या. जानेवारी २००८ मध्ये त्या न्यायालयाने सॉफ्टवेअरबाबतचा निकाल कायम ठेवला, यंत्राच्या भागांबाबतचा मात्र फिरवला. एकोस्टारने सांगितले की, आम्ही नवे सॉफ्टवेअर पाठवून पद्धतच बदलली आहे. टिव्होला ते पटले नाही. २००९ मध्ये न्यायाधीशांनी एकोस्टारला अवमानाबद्दल दोषी ठरवले. एप्रिल २०११ मध्ये अपील न्यायालयाने या निर्णयाचा काही भाग रद्द केला, तरी सोय बंद न केल्याबद्दलचा अवमान कायम ठेवला. आदेश चुकीचा वाटत असेल, तर त्याविरुद्ध वेळेवर दाद मागायला हवी होती. आपल्या सोयीचा अर्थ लावून तो बाजूला ठेवता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. अखेर २ मे २०११ रोजी समझोता झाला. ५० कोटी डॉलर देण्याचे ठरले, त्यांपैकी ३० कोटी लगेच आणि उरलेले सहा वार्षिक हप्त्यांत. वापराचा परवाना मिळाला आणि ग्राहकांच्या पेट्यांवरचे संकट टळले. २०१८ मध्ये त्या पेटंटची मुदतही संपली. आता ती युक्ती सर्वांची आहे.

आपल्याकडे १९७० चा पेटंट कायदा आहे. नुसत्या संगणक प्रणालीला त्यात पेटंट मिळत नाही. परंतु पेटंट असलेली वस्तू बनवणे व विकणे याबरोबरच ती वापरण्याचा हक्कही पेटंटधारकाकडेच असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. अशी पेटी घेताना ती विकतची की भाड्याची, आणि एखादी सोय पुढे बंद झाली तर कंपनी काय करणार, हे लेखी विचारून घ्यावे. पावती जपून ठेवावी. आणि विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी असा शोध लावला, तर तो आधी नीट लिहून काढा. टिव्होचा हक्क शाबूत राहिला, तो लिहून ठेवलेल्या कागदाच्या बळावर.