खुडणीचा रोज

जानेवारी २०२५मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्याचा निधी बंद केला. नोव्हेंबर २०२३मध्ये सुरू झालेलं आठवड्याचं एक अंडं दीड वर्षही टिकलं नाही. शाळांना द्यायचंच असेल तर त्यांनी लोकसहभागातून बघावं, अशी सोय मात्र ठेवली. त्यानंतर काही दिवसांनी पेठ तालुक्यातल्या एका मुख्याध्यापकांचा फोन आला. "सर, तुमचा तो टोमॅटोवाला ग्रुप आहे का अजून? अंड्यांचं काही जमेल का?" ग्रुप राहिला नाही, असं सांगितलं. ते बिचारे "असू द्या, असू द्या" म्हणाले. लोकसहभागालाही डिझेल लागतं, हे मंत्रालयात कुणाच्या गावी नसावं. आम्हाला ते पहिल्याच खेपेला कळलं होतं.

शेतात राहिलेलं उचलून ज्याच्या घरी नाही त्याच्याकडे न्यायचं, यात नवं काही नाही. सुगी उरकली की बायापोरं सरवा वेचायला निघत. भाताच्या लोंब्या, गव्हाच्या ओंब्या, ज्वारीची चुकार कणसं, भुईमुगाच्या मातीत राहिलेल्या शेंगा. खळ्यावरचं मातेरंसुद्धा कुणाच्या तरी वाट्याचं असे. यावर गहिवरून लिहिलेले लेख दर दिवाळी अंकात सापडतात. मला तो गहिवर येत नाही. कोणाला शेतात शिरू द्यायचं आणि कोणाला बांधावर ताटकळत ठेवायचं, हे जात ठरवायची, आणि त्या पसाभर दाण्यांवर वर्षभर राबवून घेतलं जायचं. महार वतनाच्या जाचातून माणसं सुटावीत म्हणून बाबासाहेबांनी १९२८मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं. वतनं कायद्याने जायला १९५८ उजाडलं. दया पवारांचं 'बलुतं' १९७८चं. ते वाचलेला माणूस खळ्याच्या आठवणी जपूनच काढतो. तरी एक कबूल करायला हवं. सरवा वेचणारी बाई स्वतःच्या हाताने, स्वतःला हवं ते निवडून घ्यायची. तिची यादी होत नव्हती आणि तिच्याशेजारी उभं राहून कुणी फोटो काढत नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात पीकच नाही तर सरवा कुठला? सुकडी आली, अमेरिकेचा लाल मिलो आला, खडी फोडायची कामं निघाली आणि त्यातून रोजगार हमी उभी राहिली. त्यावर पुष्कळांनी चांगलं लिहून ठेवलंय. पुढची चाळीसेक वर्षं मला कंटाळवाणी वाटतात. रेशनकार्डं पिवळी, केशरी, पांढरी झाली. १९९५मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली. पुढे झुणका गेला, केंद्रांच्या मोक्याच्या जागा राहिल्या. २०१३मध्ये अन्नसुरक्षेचा कायदा झाला. चांगलंच झालं, पण त्यातून घरी आले ते गहू-तांदूळ. भाजीचं नाव त्यात नव्हतं.

आम्ही ज्यात होतो ते दशक यापुढचं. त्या काळात उरलेल्या अन्नाला एकाएकी प्रतिष्ठा आली. २०१४मध्ये दिल्लीत रॉबिन हूड आर्मी सुरू झाली, २०१५मध्ये मुंबईच्या डबेवाल्यांनी रोटी बँक काढली. गावोगाव तरुण पोरं लग्नाच्या हॉलवर रात्री अकराला पातेली घेऊन उभी राहू लागली. त्या पोरांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती कौतुक करणाऱ्यांबद्दल. शिजलेला पुलाव वाया गेला की सगळ्यांना हळहळ; शेतात उभा टोमॅटो सडला तर तो 'बाजाराचा प्रश्न'.

नाशिकचा नकाशा पाहिला तरी काय म्हणतोय ते कळेल. पश्चिमेला अर्ध्या तासावर गिरणारे, सगळा टोमॅटोचा पट्टा. तिथून पुढे डोंगर चढलं की हरसूल, पेठ, सुरगाणा. नागली-भाताचा मुलूख, आश्रमशाळांचा मुलूख, कुपोषणाच्या बातम्यांचा मुलूख. भल्या पहाटे त्याच मुलखातली माणसं जीप भरभरून गिरणाऱ्याला उतरतात आणि रोजाने खुडणीला जातात. टोमॅटो त्यांच्याच हातून क्रेटमध्ये पडतो, आणि त्यांच्या पोरांच्या ताटात मात्र वरणाचं पाणी. मधलं अंतर पन्नास-साठ किलोमीटरचं. हे अंतर आपण टेम्पोने तोडू, एवढाच आमचा विचार. आम्ही म्हणजे तीन निवृत्त मास्तर, एक औषधविक्रेता, बँकेतल्या दोघी आणि ज्याचा टेम्पो होता तो आमचा खरा मालक.

८ नोव्हेंबर २०१६ला नोटा बंद झाल्या आणि टोमॅटो कोसळला. किलोला रुपया-दोन रुपये. वीस किलोच्या क्रेटला मिळायचे ते पैसे खुडणी, गाडीभाडं आणि हमालीतच जायचे, वर पदरचे घालायची वेळ. मग शेतकरी बाग सोडून देतो, मेंढ्या घालतो किंवा तार-बांबू काढून नांगर लावतो. आम्ही एका बागायतदाराला गाठलं. त्याने लगेच हो म्हटलं, पण एका अटीवर: "माझं नाव कुठं छापू नका. फुकट माल दिला हे कळलं तर उद्या व्यापारी तोच भाव धरतील." ही अट पुढे जवळपास प्रत्येकाने घातली. आमच्याकडे दात्यांची नावं का नाहीत, असं एका मोठ्या कंपनीच्या समाजकार्यवाल्या साहेबांनी विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं. त्यांना पटलं नाही. टेम्पोवर कंपनीचा बॅनर लावा, वर्षाचं डिझेल देतो, म्हणाले. टेम्पोवाल्याने बॅनर घेतला आणि मागच्या काचेचं भोक त्याने बुजवलं. डिझेल आलं नाही.

पहिल्या बागेत उत्साहाने वीस-पंचवीस शहरी माणसं आली होती. दोन तासांत कंबरा धरल्या. कच्चे टोमॅटो तोडले, वेल उपटले, सेल्फी काढल्या. शेतकरी बांधावर कपाळाला हात लावून बसला. दुसऱ्या दिवशी गिरणाऱ्याच्या नाक्यावरून बाया आणल्या. त्यातल्या एका थोराड बाईने गाडीत बसण्याआधीच विचारलं, "फुकट वाटणारे तुम्ही. आमचा रोज कोण देणार?" आमच्यातले एक निवृत्त गुरुजी तिला सेवेचं महत्त्व सांगू लागले. ती ऐकून घेत होती, पण गाडीत चढली नाही. शेवटी बँकेतल्या एका बाईंनी पर्समधून पैसे काढले तेव्हा पाचजणी चढल्या. सकाळच्या प्रहरात पन्नास क्रेट भरली, एकही वेल न मोडता.

आमचं सगळं काम पुढे या एका प्रश्नावर अडत राहिलं. माल फुकट होता, जागा फुकट होती, मायाळू माणसंही फुकट होती. खुडणीचा रोज आणि डिझेल तेवढं फुकट नव्हतं. देणगीदारांना धान्य द्यायला आवडायचं, ब्लँकेट द्यायला आवडायचं, मजुरी द्यायला कुणालाच आवडायचं नाही. एकीकडे गरिबाला जेवण द्यायचं आणि दुसरीकडे गरिबाने ते फुकट खुडून द्यावं अशी अपेक्षा धरायची, ही मध्यमवर्गीय करुणेची तऱ्हा मी त्या वर्षांत जवळून पाहिली.

कधी बाजारात न विकलेला माल शेतकरी तिथेच सोडून जायचे. तोही आम्ही उचलायचो. एका बाजार समितीच्या गेटवर आम्हाला अडवलं. "माल बाहेर नेताय, पट्टी दाखवा." फुकट मालाची पट्टी नसते, म्हटलं. "मग चोरीचा असणार." तासभर हुज्जत झाली. तोवर टेम्पोतून लाल पाणी गळायला लागलं होतं. शेवटी आमच्या टेम्पोवाल्याने त्याच माणसाला पिशवीभर टोमॅटो दिले आणि फाटक उघडलं. असलं शहाणपण आम्हा मास्तरांना सुचलं नसतं.

आश्रमशाळांमध्ये वेगळं शिक्षण. पेठकडच्या एका शाळेत संध्याकाळी क्रेट उतरवली. स्वयंपाकघरातल्या मावशींनी टोमॅटो हातात घेऊन दाबून पाहिला, वास घेतला, मग म्हणाल्या, "एवढ्याला तेल कुठून आणू? कांदा?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी चुलीच्या निखाऱ्यावर टोमॅटो भाजले, साल ओढून काढली, मीठ-मिरची आणि खुरासणी घालून ठेचले. थेंबभर तेल लागलं नाही. पोरांनी भाताबरोबर बोटं चाटून खाल्लं. पुढच्या खेपेपासून आम्ही टोमॅटोबरोबर चाळीतली गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, आणायला लागलो. तो लिलावात कुणी धरत नव्हतं.

१ जून २०१७ला पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. दूध, भाजी रस्त्यावर ओतली गेली. आमच्या ग्रुपमधले निम्मे लोक खवळले, अन्नाचा असा अपमान! मी म्हटलं, वर्षभर हा माल रानात सडतो तेव्हा तुम्हाला त्याचा वास येत नाही, डांबरावर ओतला की पोटात दुखतं. तेव्हापासून आमच्यात चीर पडली. ती मार्च २०१८मध्ये उघडी झाली. किसान सभेचा मोर्चा ६ तारखेला नाशिकच्या सीबीएस चौकातून मुंबईकडे निघाला, साधारण १८० किलोमीटर पायी. त्यात बहुतेक माणसं सुरगाणा, पेठ, दिंडोरीची. वनजमिनीचे पट्टे मागायला निघालेली. ज्यांच्या पोरांना आम्ही टोमॅटो पोचवत होतो तीच ही. आपला टेम्पो त्यांच्याबरोबर पाठवू, पाणी-भाजी देऊ, असं मी सुचवलं. ते गुरुजी उभे राहिले. "आपण सेवा करतो, राजकारण नाही." मी विचारलं, ज्याच्या नावावर जमीन झाली तो स्वतःचा टोमॅटो पिकवेल, मग तुमची सेवा बंद पडेल, ही भीती आहे का? हे जरा जास्त झालं असेल, पण खोटं नव्हतं. टेम्पो गेला, मालकाने कुणालाच विचारलं नाही. मुंबईकरांनी पुढे त्या रक्ताळलेल्या पायांना चपला दिल्या, त्याचे फोटो गुरुजींनीच सगळ्यांना दाखवले.

२०१९मध्ये अतिरिक्त अन्न गोळा करण्या-वाटण्याचे केंद्राचे नियम आले. नोंदणी, वाहतूक, साठवण असं सगळं त्यात आहे. वेलीवरचा माल खुडायचे पैसे कुठून यावेत, ते नाही. मग टाळेबंदी. एप्रिल २०२०मध्ये द्राक्षाचे शेवटचे बाग तसेच उभे, महामार्गावरून माणसं पायी चाललेली, आणि खुडायला मजूर नाही, कारण मजूर आपापल्या पाड्यावर परतलेला. आम्ही चौघांनी मिळून जमेल तेवढी द्राक्षं कापली. शहर तेव्हा उदार झालं होतं. घराघरातून पोळ्या निघत होत्या, सरकारची शिवभोजन थाळी पाच रुपयांवर आली होती. वर्षभराने ती उदारता ओसरली. टेम्पोवाल्याने टेम्पो विकला. ऑगस्ट २०२१मध्ये टोमॅटो पुन्हा रस्त्यावर ओतला गेला तेव्हा आमच्यातलं कुणी गेलं नाही.

सगळंच बुडालं असं नाही. मोहाडीच्या सह्याद्रीसारख्या शेतकऱ्यांच्या कंपन्या टोमॅटोवर प्रक्रिया करतात, पडत्या भावात तेवढाच आधार. २०२३च्या जुलैत टोमॅटो शंभराच्या वर गेला तेव्हा ज्याच्याकडे माल होता त्याने पैसा पाहिला, मला आनंद झाला. पण पुढच्या मंदीत पुन्हा मेंढ्याच. गव्हात हार्वेस्टर फिरतो, मागोमाग रोटाव्हेटर; ओंब्या वेचायला आलेल्या बाईला मधे शिरायला दिवसही मिळत नाही. बाजार समित्या इतकी वर्षं फी घेत आल्या. मंदीच्या आठवड्यात त्यातली थोडी रक्कम खुडणीच्या रोजासाठी आणि आश्रमशाळेपर्यंतच्या भाड्यासाठी ठेवा, असा अर्ज मी दोन ठिकाणी दिला होता. एका ठिकाणाहून पोच आली.

गेल्या दिवाळीनंतर दिंडोरीकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. दोन एकर कोबी उभी, माणसं पाठवा. ग्रुप बंद झाल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "खात्यात पैसे असतील ना तुमच्या? काढणीचा रोज तेवढा धाडा, गाडी माझी." पैसे आहेत. पण काढायला तिघांच्या सह्या लागतात. एक सही माझी, एक सहीवाला मुलाकडे पुण्याला गेलाय, आणि तिसरे ते गुरुजी, मार्च २०१८पासून माझ्याशी बोलत नाहीत.